समोरच्या काकांची निवांत सहल

घरबसल्या अख्खं इंग्लंड पालथं घातलेला, पण इतकी वर्षं तिथल्या विमानतळाबाहेर एकदाही पाऊल न टाकलेला माणूस जगात एकच असेल, आणि तो इथे अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरमध्ये आमच्या समोरच्या घरात राहतो. काका मूळचे सांगलीचे, पुलांचे इंजिनिअर, आता निवृत्त. चाळीस वर्षं भारतात जाता-येता काका-काकूंनी लंडनला विमान बदललं. पण सुट्टी मोजकी, तिकडे सगळे वाट बघत बसलेले, त्यामुळे लंडन म्हणजे त्यांच्या लेखी प्लास्टिकच्या खुर्च्या आणि कोमट कॉफी. पहिल्याच खेपेला काकूंनी तिथल्या भिंतीवर रंगीत काचांच्या एका खिडकीचं पोस्टर पाहिलं आणि म्हणाल्या, "हे मला खरं बघायचंय." काका म्हणाले, "पुढच्या वेळी उतरू." पुढच्या वेळी नणंदेचं लग्न निघालं, त्याच्या पुढच्या वेळी मुलाची मुंज.

निवृत्त झाल्यावर काकांनी तो शब्द पाळायला घेतला, आणि तिथेच घोटाळा झाला. कथीड्रल, म्हणजे भलंमोठं चर्च, असलेली जुनी शहरं आणि आठवडी बाजाराची गावं, तीन आठवडे, अगदी निवांत, असा बेत होता. पण काकांना निवांतपणाही मोजूनमापून लागतो. त्यांच्या एक्सेल शीटमध्ये '१०.४० ते ११.२५ : निवांत बसणे' ही ओळ मी स्वतः वाचली आहे. प्रत्येक गाव त्याच्या बाजाराच्या दिवशीच गाठायचं आणि प्रत्येक खिडकी तिच्यावर ऊन येईल तेव्हाच बघायची, असा त्यांचा हट्ट. लडलोचा बाजार साधला की ईलीचं ऊन हुकायचं, आणि काका पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करायचे. "काका, एखादं मार्केट स्किप करा ना," असं मी एकदा म्हटलं, तर मी पुलाचा एक खांब काढायला सांगितल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पहाटे पाचला उठून ते इंग्लंडला फोन लावत आणि कुठल्याशा कथीड्रलच्या ऑफिसातल्या बाईंना पूर्वेच्या खिडकीबद्दल बारीकसारीक विचारत. आतून काकूंचं एकच म्हणणं असे, "अहो, बाकांना टेकायला पाठ आहे का, तेवढं विचारा."

लोक सहलीहून परतल्यावर फोटो दाखवतात, काका जायच्या आधीच दाखवत. दर वर्षी त्यांच्या बेसमेंटमध्ये स्लाइड शो व्हायचा आणि काकूंच्या साबुदाणा वड्यांच्या आशेने आम्ही सगळे जायचो. माझ्या मुलाने एकदा विचारलं, "आजोबा, व्हेन डिड यू गो?" काका शांतपणे म्हणाले, "वी आर गोइंग, बेटा." रविवारी सकाळी ते स्टेशनच्या रिकाम्या पार्किंगमध्ये डाव्या बाजूने गाडी चालवण्याचा सराव करत. सिक्युरिटीवाल्याने अडवलं तेव्हा काकांनी त्याला अर्धा तास वेल्स नावाच्या इंग्लंडमधल्या एका कथीड्रलच्या गावाबद्दल सांगितलं. पुढच्या रविवारी तो बिचारा स्वतःहून विचारत आला, "सो, डिड यू फिक्स द डेट?" तारीख तेवढी ठरत नव्हती.

गेल्या हिवाळ्यात काकूंना वाचताना शब्दाच्या मधली अक्षरं दिसेनाशी झाली. डॉक्टरांनी सांगितलं, कडेचं दिसत राहील, मधलं पुसट होत जाईल. काही बघायचं राहिलं असेल तर लवकर बघून घ्या. त्या दुपारी काका लॅपटॉप घेऊन आमच्याकडे आले. चहाही नको म्हणाले. "एकच गाव ठेव, बाकी सगळं डिलीट कर. माझा हात होत नाही." कुठलं ठेवू, असं विचारलं तर ते पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. शेवटी मी काकूंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "बाकाला पाठ आहे ते." शीटमध्ये तशी नोंद एकाच गावापुढे होती, वेल्स. तेवढं सोडून एकवीस दिवसांच्या बाकी सगळ्या ओळी मी एकेक करून पुसल्या. काकांची फार दया आली, आणि खरं सांगते, रागही आला. इतकी वर्षं हा माणूस कशासाठी थांबला होता?

एप्रिलमध्ये दोघं जाऊन आले. या वेळी स्लाइड शो नव्हताच. फोटो एकच, कुणा अनोळखी माणसाने काढलेला. लाकडी बाकावर दोघं टेकून बसलेले, काकूंची मान वर आणि काकांचं तोंड उघडं.

"बोलतच होते," काकू म्हणाल्या. "खिडकी फार उंच गं. मला नुसतं पिवळं-हिरवं काहीतरी दिसलं. पण यांना एकेक काच ठाऊक. काचेवरच्या चित्रातली वेल कुठून निघते, कुठला राजा कुठे बसलाय, सगळं खालून वर सांगत गेले. बाजार राहिलाच बघायचा."

"किती वेळ बसलात?" मी काकांना विचारलं.

"घड्याळ पाहिलं नाही," ते म्हणाले.

हल्ली संध्याकाळी दोघं आमच्या रस्त्याने फिरायला निघतात. कुणाचा मॅग्नोलिया फुलला, कुणी गॅरेजला नवा रंग दिला, हे काका न चुकता सांगत असतात. आमच्या घरापाशी आले की त्यांचा आवाज मला आत ऐकू येतो, "ती बघ, खिडकीत उभी आहे, हात करतेय." मग काकू हसून हात हलवतात, माझ्या जरा डावीकडे.