बैलाच्या रांगेतली सिंधू

राहात्याला एसटीतून उतरले ती निव्वळ पेरूंच्या लोभाने. साठी उलटल्यापासून मी दर हिवाळ्यात पिशवी उचलून निघते. पिशवीत दोन साड्या, गोळ्या आणि रक्तदाब मोजायचं यंत्र. पेरू खात रस्त्याने चालले होते, तर ऊसतोडीच्या बैलगाड्यांचा तळ लागला. पाचटाच्या कोप्या (झोपड्या), चुलींचा धूर, आणि लगेच "काकू, च्या घ्या" असा आग्रह. मी कशाला नाही म्हणते!

तळावर डॉक्टर आले होते. रांगेत एक पोटुशी पोर उभी होती, आठवा महिना असावा. नाव सिंधू, गाव शेवगावकडचं.

"तुला काय होतंय गं?"

"मला न्हाई, काकू. ह्या बैलाचा खांदा आलाय (जुवाने सुजलाय). घोडेगावच्या बाजारातनं आनलाय, लई गुनाचा हाय."

डॉक्टर गुरांचे होते! माझ्या फजितीवर रांग खदखदून हसली, मीही हसले.

"आणि तुला कोण तपासतं?"

"गावाकडं आशाताईच्या वहीत नाव हाय. हितं कुनाच्याच वहीत न्हाई. डोस्कं दुखतंय, पाय सुजल्यात. ऊन लागलं आसंल."

आता मला हसू येईना. तिला बाजेवर बसवून यंत्र लावलं. वरचा आकडा एकशे सत्तर. पुन्हा लावलं, तेवढाच. गुरांच्या डॉक्टरांनी डोकावून पाहिलं आणि जीपचं दार उघडलं. "ताई, बसा. आत्ताच निघू."

"आन् मोळ्या कोन बांधंल?"

"मोळ्या गेल्या खड्ड्यात," म्हणत तिचा नवरा आधी जीपमध्ये चढला. मला तो फार आवडला.

सरकारी दवाखान्यात तिला लगेच दाखल करून घेतलं. "आणखी दोन दिवस गेले असते तर दोन्ही जीव धोक्यात होते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सिंधूने माझं बोट धरून हळूच विचारलं, "काकू, दिसाचं निजायचं? लोक काय म्हनतील?" त्या दिवशीची एसटी मी खुशाल सोडली.

पुण्याला परतल्यावर आठवड्याने तिचा फोन आला. "पोरगी झाली. दोघी बऱ्या हाव!" मला रडूच आलं.

"काकू, जाऊबाईला सातवा लागलाय. तिचंबी डोस्कं दुखतंय. तुमी कवा येताय?"

"माझी वाट बघू नका. आजच तिला त्याच दवाखान्यात न्या."

"तुमच्याबिगर घेतील का आत?"

"घेतील. घ्यायलाच हवं," मी म्हणाले. पण फोन ठेवल्यावर मान वर होईना. ओळखदेख नसताना मला कोपीत बसवून चहा पाजणारी ही माणसं, आणि दवाखान्याच्या दारात ओळखीचं कुणीतरी लागतं असं त्यांना वाटतं.