खाडीपलीकडच्या दोन खोल्या

मुंबई केवढी मोठी आहे, असं सोलापूरच्या बाळीवेशीतल्या शिवबाईला कुणी विचारलं, तर ती म्हणायची, "माझा शिवपुत्र जितक्या लांब गेलाय तितकी." बोलणं तिरकं वाटेल, पण त्यात तथ्य होतं. सत्तर साली तिचा लेक सोलापूर सोडून मुंबईला गेला, तेव्हा परळला एका खोलीत सात जणांत राहायचा. दोन वर्षांनी पोस्टकार्डावर कुर्ला आलं. मग ठाण्याच्या पुढचं कसलंसं गाव आलं, ज्याचं नाव शिवबाईच्या जिभेवर कधीच नीट बसलं नाही. शहर फुगत होतं आणि फुगता फुगता तिच्या लेकाला कडेकडेला ढकलत होतं. एक अक्षर न वाचता येणाऱ्या बाईला हे पत्त्यांवरून कळलं होतं, आणि शिकल्यासवरल्या लोकांना नकाशे काढून कळत होतं, एवढाच काय तो फरक.

पत्ते तिला वाचून दाखवायचा शेजारचा मल्लिकार्जुन. तो एका चादरीच्या व्यापाऱ्याकडे होता आणि दर महिन्याला चादरींचे गठ्ठे घेऊन मुंबईला जायचा. शिवबाईची पत्रं तोच वाचायचा, तोच लिहायचा, आणि तिच्या लेकासाठी भाकऱ्यांचं गाठोडंही तोच न्यायचा.

भाकऱ्या म्हणजे कडक भाकऱ्या. नवरा वारल्यापासून शिवबाईचं पोट त्यांच्यावरच चाललं होतं. लग्नघरं, लांबच्या प्रवासाला निघालेली माणसं, सगळे तिच्याकडूनच करून न्यायचे. काटवटीत कढत पाण्यानं ज्वारीचं पीठ मळायचं, भाकरी पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि चुलीच्या कडेला उभी करून ठेवायची. धगीनं ती अशी वाळते की चावली तर भिंतीपलीकडच्या माणसाला ऐकू जावं. सोलापूरच्या कोरड्या हवेत महिनाभर तिला काही होत नाही. शिवबाईची भाकरी मऊ पडली, असं बोलणारा माणूस बाळीवेशीत जन्माला यायचा होता.

दर महिन्याला पंचवीस भाकऱ्या मुंबईला जायच्या आणि आठवड्याभरात कार्ड यायचं. "भाकरी पोचली. एकदम कडक होती." हे वाक्य ती मल्लिकार्जुनाला दोनदा वाचायला लावायची. मग उत्तर सांगायची, "लिही, हितं समदं बरं हाय. मला करमतं."

यातलं दुसरं वाक्य धडधडीत खोटं होतं. शिवबाईला बिलकूल करमत नव्हतं. चूल विझली की घरात आवाज म्हणून राहायचा नाही. एकटीसाठी ताट वाढून घ्यायचा तिला कंटाळा यायचा, म्हणून ती तव्याजवळच उभ्या उभ्या दोन घास खायची. शेजारची काशम्मा मायाळू होती, पण तिच्या घरात नऊ माणसं. भरल्या घराच्या उंबऱ्यावर आपण रोज किती वेळ बसून राहायचं, याची शिवबाईला लाज वाटायची.

ती दिवस काढत होती एका शब्दावर. जाताना शिवपुत्र आईला म्हणाला होता, "अव्वा, दोन खोल्या झाल्या की तुला घेऊन जातो." ती जागेची वाट बघत होती, म्हणजे खरं तर माणसाची वाट बघत होती.

शिवपुत्र नकाशे काढायच्या ऑफिसात ट्रेसर होता. खाडीच्या पलीकडं नवं शहर वसवायचं ठरलं होतं, त्याचे रस्ते आणि प्लॉट तो दिवसभर मान मोडून काढायचा. चौऱ्याहत्तर साली तो लग्नासाठी आला, अक्कलकोटकडची महानंदा बायको म्हणून केली, आणि जाताना आईला एक छापील नकाशा देऊन गेला. निळ्या कागदावर पांढऱ्या रेघा आणि एके ठिकाणी लाल पेन्सिलीची फुली.

"हितं आपलं घर हुणार बघ," तो म्हणाला.

शिवबाईनं कागद उलटासुलटा करून पाहिला. "अरे, हे तर समदं पाणीच की! घर काय पाण्यात बांधतोस?"

"अव्वा, कागदच निळा असतोय."

महानंदा तोंडाला पदर लावून हसली. शिवबाईला काही ते पटलं नाही. पण कागद तिनं जपून ठेवला, आणि फार एकटं वाटलं की ती बोट फिरवत फिरवत त्या लाल फुलीपर्यंत जायची.

सत्त्याहत्तरच्या दसऱ्यानंतर कार्ड आलं. दोन खोल्या मिळाल्या होत्या. पत्ता पुन्हा नवा, वाशी. मल्लिकार्जुनानं कार्ड वाचलं आणि शिवबाईला काय करू नि काय नको असं झालं. ज्या बाईनं सात वर्षं कुणाला मनातलं कळू दिलं नाही, तिनं एका दिवसात दहा घरी जाऊन सांगितलं, "मी आता कायमची चालले." तवा आणि काटवट तिनं काशम्माला देऊन टाकली. त्याआधी शेवटच्या म्हणून चाळीस भाकऱ्या भाजून घेतल्या आणि मल्लिकार्जुनाबरोबर गाडीत बसली.

वाशी पाहून ती चक्रावली. रस्ते एवढे रुंद की पलीकडं जायला दम लागावा, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. सोलापुरात माणसं आधी येतात आणि बोळ नंतर पडतात. इथं रस्ते आधी येऊन माणसांची वाट बघत बसले होते. लांब एक डोंगर पोखरला जात होता आणि त्याच्या मातीचे ट्रक दिवसभर चिखलात रिकामे होत होते.

"हितं आधी काय हुतं?" तिनं विचारलं.

"खाडी. भर टाकून जमीन केलीया."

"मग मी काय सांगत हुते? पाण्यातच बांधलंस की!"

शिवपुत्र खूप दिवसांनी मोकळा हसला. त्या संध्याकाळी त्यानं तिला समुद्र म्हणून खाडीचा काठ दाखवला. ओहोटी होती, नुसता काळा चिखल. शिवबाईनं मनातल्या मनात आपल्या सिद्धेश्वराच्या तळ्याला पहिला नंबर दिला आणि लेकाचं मन राखायला म्हणाली, "लई मोठं हाय."

पहिले दोन दिवस असे गोडीगुलाबीत गेले. मग सोमवार उजाडला. शिवपुत्र सातला बस पकडून पूल ओलांडून ऑफिसला गेला. महानंदा टेलिफोन ऑफिसात लागली होती, ती आठला गेली. दाराला लॅच होतं, ते कसं उघडतं हे दोनदा दाखवूनही शिवबाईचा धीर होईना. समोरचा ब्लॉक बंद, वरचा रिकामा. शेजारी एक मल्याळी बाई होती, ती दिसली की छान हसायची आणि शिवबाईही हसायची. हसून झालं की दोघींकडं बोलायला काही उरायचं नाही.

सोलापुरात ती लेकावाचून एकटी होती. इथं लेकाच्या घरात एकटी पडली, आणि हे एकटेपण जास्त बोचत होतं, कारण आता वाट बघायलाही काही राहिलं नव्हतं. संध्याकाळी दमूनभागून आलेला शिवपुत्र बूट काढता काढता विचारायचा, "करमतं का अव्वा?"

"करमतं की," ती म्हणायची. सात वर्षांच्या सवयीनं ते वाक्य आपसूक तोंडात यायचं.

बुधवारी दुपारी तिनं भाकरीचं गाठोडं सोडलं. वरची भाकरी उचलली तर ती हातात वाकली. मोडली नाही, वाकली. दुसरी, तिसरी, सगळ्या तशाच लिबलिबीत. तिला वाटलं, आपला हात बिघडला. जाण्याच्या घाईत भाजायला कमी पडलो. तिनं स्टोव्ह पेटवला आणि चाळीसच्या चाळीस भाकऱ्या पुन्हा एकेक करून शेकल्या. हात पोळला, घर धुरानं भरलं. गुरुवारी सकाळी पाहिलं, तर भाकऱ्या पुन्हा मऊ.

महानंदा डबा भरत होती. शिवबाई तिच्यासमोर भाकरी घेऊन उभी राहिली. "बघ गं, माझ्या हाताला काय झालंय."

"हाताला काय नाही हो आत्याबाई," महानंदा सहज म्हणाली. "इथल्या दमट हवेत सादळतातच त्या. दर वेळी सादळूनच येतात. ताकात कुस्करून खातात हे."

तिला कामावर जायची घाई होती. आपण काय बोललो हे तिच्या ध्यानातही आलं नाही. ती गेली आणि शिवबाई भिंतीला टेकून बसली. दर वेळी. म्हणजे सात वर्षं. मल्लिकार्जुनाकडून दोनदोनदा वाचून घेतलेलं ते वाक्य, दर महिन्याचं, खोटं होतं. दिवसभर ती जेवली नाही.

संध्याकाळी तिनं शिवपुत्रासमोर ताट ठेवलं. ताटात फक्त एक भाकरी होती, कडेनं लोंबणारी.

"सात वर्सं लिवत हुतास की रं, कडक हुती म्हणून," ती म्हणाली.

शिवपुत्रानं ताट जवळ ओढलं. "खरं लिवलं असतं तर तू पाठवायची बंद झाली असतीस."

"झालेच असते की! असली भाकरी कोन पाठवंल?"

"म्हणूनच न्हाय लिवलं." त्यानं ती मऊ भाकरी हातात घेतली. "सात जणांत झोपायचो मी. गाठोडं सोडलं की आपल्या चुलीचा वास यायचा, अव्वा. महिन्यातनं तेवढंच कायतरी माझं असायचं."

शिवबाईचा राग कुठल्या कुठं गेला. तिला फार वाटलं, आपणही सांगून टाकावं. मलाही तिथं करमत नव्हतं, मीही खोटंच लिहवून घेत होते, आणि इथंही करमत नाही रे. शब्द अगदी ओठांवर आले. पण त्या दोन खोल्यांसाठी लेकानं आपली सात वर्षं घातली होती, आणि त्या कशा चुना लावून लख्ख केल्या होत्या. ती एवढंच म्हणाली, "हितं भाकरी टिकत न्हाय. मी तिकडंच बरी. तितनं पाठवीत जाईन."

त्यानं मान वर केली. "रहा की अजून महिनाभर."

जाऊ नको, असं तो म्हणाला नाही. आईचं तोंड बघून त्याला सगळं समजलं होतं म्हणून म्हणाला नाही की आणखी कशानं, हे शिवबाईनं विचारलं नाही. ते विचारायचं बळ तिच्यात नव्हतं.

मल्लिकार्जुन पुढच्या खेपेला आला, त्याच्याबरोबर ती परतली. बाळीवेशीत चर्चा व्हायचीच ती झाली. "सुनंनं नीट वागवलं न्हाय व्हय?" असं चार जणींनी तरी विचारलं. "सून माझी सोन्यासारखी हाय, हवा मानवली न्हाय," असं तिनं चारही जणींना सांगितलं, आणि एकीलाही ते खरं वाटलं नाही. काशम्माकडं ती काटवट मागायला गेली, तेव्हा काटवटीत कपडे भिजत पडले होते. काशम्मानं कपडे बादलीत काढले, काटवट घासूनपुसून तिच्या हातात दिली आणि तव्यासकट घरापर्यंत पोचवायला आली.

दुसऱ्याच दिवशी शिवबाईनं चूल पेटवली. पंचवीस भाकऱ्या भाजल्या, चुलीशी उभ्या करून खणखणीत वाळवल्या, आणि त्या कुठं जाऊन काय होणार हे पक्कं ठाऊक असताना गाठोडं बांधून मल्लिकार्जुनाच्या हवाली केलं.

आठवड्यानं कार्ड आलं. मल्लिकार्जुन उंबऱ्यात बसून वाचू लागला. "अव्वास शिरसाष्टांग नमस्कार. भाकरी पोचली." तो थांबला. गाठोडं त्यानंच वाशीला नेऊन दिलं होतं, सगळं त्याला माहीत होतं. मग खाली मान घालून त्यानं पुढचं वाचलं. "एकदम कडक होती."

"पुन्ना वाच," शिवबाई म्हणाली.

त्यानं पुन्हा वाचलं. शिवबाईनं पदरानं डोळे पुसले आणि कोरं कार्ड त्याच्यापुढं सरकवलं.

"लिही," ती म्हणाली. "हितं समदं बरं हाय. मला करमतं."