पारोशी चूल

विंझरच्या फुलाबाईंना पारोशी चूल दिसली की त्यांच्या डोक्यात तिडीक जायची. सकाळी चुलीला शेणाचं पोतेरं फिरलं नाही, तर दोन्ही सुनांची धडगत नसे. गावामागच्या माळावर पुण्याच्या दिपाली मॅडमनी जुन्या वस्तीच्या शोधात चाचणीचा खड्डा खणायला घेतला, तेव्हा फुलाबाई रोजानं माती उपसायला लागल्या. एके दिवशी तळाशी, तीन दगडांच्या मधोमध, काळी राख लागली. मॅडम नाचायच्याच बाकी राहिल्या.

"मावशी, हजारो वर्षांपूर्वीची चूल आहे ही! उद्या मोठे सर बघायला येणार."

दुसऱ्या दिवशी सर आले आणि खड्ड्यात डोकावले. राखेचा मागमूस नव्हता. चूल ओल्या शेणानं झकास सारवलेली, पुढ्यात रांगोळीसुद्धा!

मॅडमनी कपाळावर हात मारला. "मावशी, काय केलंत हे?"

"काय केलं म्हंजी?" फुलाबाई कडाडल्या. "कोण बाई व्हती कुणाला ठावं, चूल तशीच टाकून गेली बिचारी. आज तिच्या घरी पाव्हणं आलं, तर तिची अब्रू आपुन न्हाई झाकायची, तर कुणी?"