सरांचा बदल नामंजूर

अराबा एसुमनची खोली मला हवी होती, हे आधीच सांगून टाकते. सॉल्टपाँडच्या आमच्या तंत्रशाळेत मी पाककला शिकवते आणि माझ्या वर्गातल्या मुली अजून व्हरांड्यात चूल मांडून केक भाजतात. कोपऱ्यावरची ती मोठी खोली, दोन बाजूंनी समुद्राचा वारा, नळ आतच. तिथे ओव्हन लावायचे सोडून या बाईने जुने कॉम्प्युटर आणि लॅपटॉप मांडून ठेवले होते. तेव्हा मी तिची स्तुती करते आहे ती मैत्रीखातर नव्हे, एवढं लक्षात ठेवा.

अराबा इथलीच. तिची आई किनाऱ्यावर मासे धुरी देऊन विकते. त्या धुराने तिचे डोळे कायमचे लाल झालेत, आणि त्या डोळ्यांनी ती बघायला लागली की भाव पाडून मागायची कुणाची छाती होत नाही. मुलगी आईवर गेली आहे. राजधानीत, अक्रात, चांगल्या कंपनीत होती, थंडगार ऑफिसात बसायची. ते सोडून ती परत आली आणि आमच्याकडे प्रोग्रामिंग शिकवायला लागली, तेव्हा गावाने एकच अर्थ काढला, की हिला तिथे नवरा मिळाला नाही. तिने कुणाला उत्तर दिलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "आंटी, तिथे माझ्यासारख्या पुष्कळ आहेत. इथे कुणीच नाही."

तेव्हा त्या खोलीची काय दशा होती! मशीनमध्ये चोरून आणलेले प्रोग्राम, आणि त्यांच्याबरोबर आलेले व्हायरस. मुलं फळ्यावरचा कोड उतरवून घ्यायची, पाठ करायची आणि परीक्षेत ओकायची. अराबाने सगळ्या मशीन पुसून साफ केल्या आणि त्यांत लिनक्स नावाची नवी प्रणाली घातली. मुलं गडबडली.

"मॅडम, हे फुकटचं आहे?" फीफीने विचारलं. फीफी म्हणजे त्या वर्गातलं सगळ्यात मोठं तोंड.

"फुकटचं नाही, उघडं," अराबा म्हणाली, आणि दाराकडे वळली. "आंटी एफुआ, जरा आत या ना." मी दारात उभी राहून ओव्हन कुठे बसतील ते बघत होते. "तुमची मक्याची केंकी विकत घेतली तर मला काय मिळतं?"

"पोट भरतं."

"आणि कशी केली ते विचारलं तर?"

"विचारून तर बघ."

पोरं खिदळली. "ही झाली बंद केंकी," ती म्हणाली. "खा, पण आत काय आहे विचारू नका. ओपन सोर्स म्हणजे केंकीबरोबर कृतीही हातात. मका किती आंबवला ते वाचा. मीठ जास्त वाटलं तर कमी करा. आणि सुधारलेली कृती परत सगळ्यांना देऊन टाका."

"माझ्या केंकीत मीठ जास्त नसतं," मी सुनावलं आणि निघून आले. पण खरं सांगते, इतक्या वर्षांत माझ्या स्वयंपाकाचं कुणी वर्गात उदाहरण दिलं नव्हतं. मनातून बरं वाटलं.

मग तिने त्यांच्या हातात गिट दिलं. मला कळलं तेवढं सांगते. एकाच प्रोग्रामवर अनेक जण काम करतात, आणि कुणी काय बदललं, का बदललं, हे त्यात नावासकट राहतं. बिघडलं तर मागे जाता येतं. आमच्याकडचं इंटरनेट कायम रुसलेलं, पण याला त्याची पर्वा नाही. एका जुन्या मशीनवर सगळ्यांचा सामाईक साठा; वीज गेली की पोरं लॅपटॉप उचलून नारळीखाली, आणि काम चालूच.

कामही तिने खरंखुरं दिलं. होड्यांच्या इंजिनांसाठी किनाऱ्यावर सरकारी तेल येतं, आणि आलं की आधी कुणाला यावरून डोकी फुटतात. तेव्हा तेलाचे नंबर लावणारा प्रोग्राम लिहायचा, आणि तो उघडा ठेवायचा. कुणाही तांडेलाच्या पोराने आत बघावं आणि खात्री करून घ्यावी, की मधे कुणी घुसवलेला नाही.

घोडं अडलं ते तपासणीपाशी. या कामाचा नियम असा, की एकाने केलेला बदल दुसऱ्याने वाचायचा, त्यातल्या चुका सगळ्यांदेखत लिहायच्या, आणि मगच तो आत घ्यायचा. आता आमची पोरं! वडीलधाऱ्याला चुकलात म्हणायचं नाही, आणि मित्राला चारचौघांत तर नाहीच नाही. कुणी काहीही पाठवो, खाली शेरा एकच: "छान केलंस भावा, देव तुझं भलं करो." आणि मंजूर! बघता बघता प्रोग्रामचा पार विचका झाला. एक होडी दोन ठिकाणी दिसायला लागली आणि अजोआच्या मामाची होडी यादीतून नाहीशीच झाली.

"क्वेकूचा हा बदल कुणी तपासला?" अराबाने विचारलं.

अजोआ ओटू उभी राहिली. बारीकशी, सगळ्यात गप्प पोरगी. "मी, मॅडम."

"चूक दिसली नाही?"

"दिसली."

"मग?"

"क्वेकूने फार मेहनत केली होती, मॅडम."

अराबाने कपाळाला हात लावला. दुसरी कुणी असती तर ओरडली असती. ही आठवडाभर विचार करत हिंडली, आणि मग एका सकाळी तिने फीफीला वर्गाचा ओचामे केलं. नानांच्या, म्हणजे आमच्या गावप्रमुखांच्या दरबारात नानांशी कुणी थेट बोलत नाही. हातात दंड घेतलेला ओचामे मधे असतो. आपण त्याला सांगायचं, आणि तो ते घासूनपुसून नानांपुढे ठेवतो. अराबाचा नियम तसाच: तपासणाऱ्याने चूक ओचामेला सांगायची, ओचामेने ती मांडायची, मगच लिहायची.

फीफीला काय, आयतीच संधी. मोडक्या छत्रीचा दांडा घेऊन तो उभा राहिला. "हे क्वेकू, विशाल मनाच्या माणसा! माफी असावी. अजोआ म्हणते, तुझ्या शेवटच्या ओळीने तिच्या मामाला गिळलं. मामाला बाहेर काढावं, अशी मामीची विनंती आहे."

वर्ग हसून लोळला. क्वेकूही. राग धरायचा कुणावर? फीफीचे तर शब्द नव्हेत, आणि अजोआ तोंडावर काही बोललेली नाही. त्या दिवसापासून चुका बाहेर यायला लागल्या त्या थांबेनात. मी माझा वर्ग सोडून ऐकायला जायचे. जायचे तर जायचे!

आणि अशात आग्येकुम सर आले. सर म्हणजे आमचे प्राचार्य. मूळचे समुद्रापासून लांब, कुमासीकडचे, पण सगळा जन्म इथेच शिकवण्यात गेला. अराबाला त्यांनीच शिकवलं, मलाही, आणि निम्म्या गावाला. शर्टाला कधी सुरकुती नाही आणि बोलण्यात कधी माघार नाही. त्यांनी जाहीर केलं, की सत्र संपलं की सभा घेऊ. अराबाचा हा विषय शाळेत राहावा की नाही ते सर तिथे ठरवतील, आणि राहू नये असं ठरलं तर खोली पाककलेला. ऐकून माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

ठरवण्याआधी त्यांनी वर्ग पाहिला, प्रोग्राम पाहिला, आणि म्हणाले, "मीही एक बदल पाठवतो." तरुणपणी ते स्वतः प्रोग्राम लिहायचे. त्यांनी खरोखरच बसून लिहिलं: नंबर आला त्या दिवशी जी होडी तेल घ्यायला येणार नाही, ती यादीच्या शेवटी जाईल. शिस्तीचा माणूस, शिस्तीचा नियम. तपासायची पाळी नेमकी अजोआची.

दुपारी ती अराबाकडे आली तेव्हा मी तिथेच होते.

"मॅडम, सर मंगळवार विसरले."

मंगळवारी आमच्याकडे कुणी समुद्रावर जात नाही. तो दिवस समुद्राचा. जाळी दुरुस्त करतात, झोपतात, भांडतात, पण होडी पाण्यात जात नाही आणि तेलाला कुणी फिरकत नाही. म्हणजे ज्याचा नंबर मंगळवारी येईल तो बिचारा दर वेळी तळाला. आता कुमासीच्या माणसाला मासा माहीत तो ताटातला! मंगळवार त्याच्या डोक्यात येणार कुठून?

"मंजूर करून टाक," मी अराबाला म्हटलं. "सभा झाली की गुपचूप दुरुस्त कर. कुणाला कळणार आहे?" आता मला सांगा, खोली मला हवी, आणि ती तिच्याकडे कशी राहील हे मीच शिकवते आहे!

"गिटला कळेल, आंटी," ती म्हणाली. मग अजोआकडे बघून म्हणाली, "आणि हिला कळेल."

"तुम्ही लिहा ना, मॅडम," अजोआ रडकुंडीला आली.

"वाचलंस तू. दिसलं तुला. मी कशी लिहू?" अराबाचा आवाज शांत होता, पण टेबलाखाली तिची बोटं एकमेकांत आवळलेली मला दिसत होती. विषय गेला असता तर ती अक्राला परत गेली असती, आणि या पोरांच्या हाती पुन्हा फळा आणि पाठांतर. तिला ते माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

सर वर्गात आले. फीफी दांडा घेऊन उभा राहिला. "सर... आमच्या आईबापांना ज्यांनी शिकवलं, त्यांची माफी असावी. शंभरदा माफी असावी. अजोआ म्हणते, तुमच्या नियमात मंगळवार नाही. तिच्या मामाचा नंबर मंगळवारी आला, तर समुद्राचा मान राखल्याची त्याला शिक्षा होईल. म्हणून तुमचा बदल... सध्या नामंजूर."

सरांनी अजोआकडे पाहिलं. ती उभी होती, मान खाली, पण उभी होती. सर वळून बाहेर गेले.

संपलं, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. सभेपर्यंत अराबा नेहमीसारखी शिकवत राहिली, पण जेवायला काही नेलं तरी तिने हात लावला नाही.

सभेला सगळे शिक्षक जमले. सर उठले. "अराबाच्या विषयाबद्दल," ते म्हणाले. "मी एक बदल पाठवला होता. तो एका मुलीने परत पाठवला. मी मंगळवार घालून पुन्हा पाठवला. तिने पुन्हा परत पाठवला. कुणी समुद्रात बुडाला तर सगळा किनारा दुखवटा पाळतो, होड्या काढत नाही, हे मी विसरलो होतो." कुणीतरी हसू दाबलं. सर हसले नाहीत. "या शाळेत मी आयुष्य घालवलं. इथे बसलेले निम्मे माझे विद्यार्थी. तुमच्यापैकी एकाने तरी मला कधी सांगितलं, की सर, हे चुकलंय?"

सरांनी एकेकाकडे बघितलं.

"म्हणजे मी चुकत नव्हतो असं नाही. मी चुकत होतो, आणि तुम्ही उतरवून घेत होता. विषय राहील. आणि यापुढे पहिल्या वर्षापासून शिकवायचा."

माझी खोली गेली, आणि मला इतका अभिमान वाटला की डोळ्यांना रुमाल लावावा लागला. आमच्या किनाऱ्यावरची पोरगी, मासेवालीची! अराबा उभी राहिली. तिचेही डोळे आईसारखे लाल झाले होते, पण जीभ जागेवर होती.

"सर," ती म्हणाली, "मग तुम्ही आम्हाला दिलेले ते जुने धडे आता तपासायला काढू का?"

"काढ," सर म्हणाले. "आणि अजोआकडे दे."