लाकूड, पेलेट आणि सावंतकाकू

मुलुंडमध्ये बसून खोली गरम करायचे स्टोव्ह विकायचे म्हटल्यावर किस्से शोधावे लागत नाहीत, ते आपणहून दुकानात येऊन बसतात! गिऱ्हाईक सगळं डोंगरातलं. दुकानात आम्ही तिघं. ऑर्डरी मी बघतो, गिऱ्हाईक सुजाता बघते, आणि स्टोव्ह बसवायला मालवणचा बाबी. ऐकणाऱ्याला या गोष्टी गमतीच्या वाटतात. आमची त्या वेळी पार फाटलेली असते!

*

मे महिना. एकाला स्टोव्ह पेटवून दाखवत होतो. नळीतून धूर निघाला आणि वरच्या मजल्यावरच्या आजींनी "आग! आग!" करून अख्खी सोसायटी खाली आणली. सेक्रेटरी भरलेली बादली घेऊन आत घुसले. स्टोव्हच्या तापलेल्या काचेवर पाणी पडलं असतं, तर तुकडे सगळ्यांच्या तोंडावर! सुजाता मधे आडवी आली. बादली तिच्या अंगावर.

"सॉरी मॅडम," सेक्रेटरी म्हणाले, "आग कुठंय?"

"आता माझ्या डोक्यात!"

*

बोरिवलीच्या सावंतकाका-काकूंच्या मुलाने हिमाचलात होमस्टे घेतला. स्टोव्ह निवडायचं काम आईबाबांकडे, म्हणून दोघं दुकानात. एका प्रकारात लाकडं घालायची. दुसऱ्यात पेलेट, म्हणजे भुसा दाबून केलेल्या बारक्या कांड्या. त्या विजेवर आपोआप आत पडत राहतात.

"बटण दाबलं की झालं. पेलेटच घेऊ," काका म्हणाले.

तेवढ्यात डोंगरातून एका बाईंचा फोन. आमचाच पेलेटचा स्टोव्ह. लाइट गेली, आतला पंखा बंद पडला आणि धूर खोलीत यायला लागला.

"दार उघडा!" मी ओरडलो.

"अहो, बाहेर बर्फ आहे! बाळ आहे आत!"

"बाळाला घ्या आणि आधी बाहेर पडा, ताई!"

फोन कट. परत लावला, लागेना. सावंतकाकूंनी माझी बाही घट्ट धरलीये, हेही मला नंतर कळलं.

शेवटी त्या बाईंचाच फोन आला. "सगळे बाहेर आलोय. बाळ मजेत आहे. पण दार उघडं बघून गावातली कुत्री आत जाऊन बसली!"

आम्ही हसत सुटलो. काकू नाही हसल्या. "अहो," त्या काकांना म्हणाल्या, "लाकूडच."

*

सावंत पुढच्या खेपेला आले तेव्हा बाबी दुकानात होता.

"काकी, धुराडा साफ नाय ठेवल्यात तर आतली काजळी पेटता. मगे काय गरजता म्हणान सांगू! आभाळातला इमान घरात शिरल्यासारख्या!"

"अहो, पेलेटच!" काकू म्हणाल्या.

अशा किती फेऱ्या झाल्या! शेवटी सुजाता वैतागली. "काकू, घाबरायचंच तर कुठल्या तरी एकाला घाबरा ना!"

"अगं, त्या खोलीत माझी नातवंडं झोपणार."

शेवटी लाकूड ठरलं. सोबत एक अलार्म दिला. जळणातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, तो खोलीत साठला की हा बोंब मारतो.

*

बाबी स्टोव्ह बसवायला हिमाचलात गेला तेव्हा काका-काकूही आलेले होते. स्टोव्ह अजून खोक्यातच. बाबीने आधी अलार्म पॅसेजमध्ये भिंतीला लावला आणि नळीसाठी भोक पाडायला घेतलं. थोड्या वेळाने अलार्म किंचाळायला लागला.

"बिघडलेला दिलास काय रे?" काका म्हणाले. "स्टोव्ह पेटवलाय कुठे अजून?"

बाबीने समोरच्या, काकूंच्या खोलीचं दार ठोठावलं. "काकी! ओ काकी!"

उत्तर नाही. त्याने खांदा मारून कडी तोडली. खिडक्या गच्च बंद. पलंगाशेजारी निखाऱ्यांची शेगडी. काकूंना थंडी वाजते म्हणून तिथल्या केअरटेकरने मायेने आणून ठेवलेली. काकू दुपारच्या जरा पडल्या होत्या.

काका दारात नुसतेच उभे. "अगं... अगं..." करत. बाबीने काकूंना उचललं आणि अंगणात आणलं. बऱ्याच वेळाने त्यांना ओकारी झाली, तेव्हा काका तिथेच बर्फात मटकन बसले. दवाखान्यात ऑक्सिजन लावला. वाचल्या.

परवा काकू दुकानात आल्या, बाबीसाठी घावणे घेऊन. बोरिवलीत त्यांच्या घरी हा असा उकाडा, पंखा फुल, खिडक्या सताड उघड्या.

"तरी दुपारी माझा डोळा लागला, की हे हाक मारतात," काकू म्हणाल्या. "'काय हो?' विचारलं, की म्हणतात, 'काही नाही. झोप तू.'"