माझी सीट कोर्टाने दिली नव्हती

आमच्या घरात एक गोष्ट पक्की होती: मला इंजिनिअरिंगची सीट कोर्टाने दिली. बाबा कापसाच्या जिनिंग मिलमध्ये रुईच्या गाठी उचलायचे. आमच्या खानदानात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि हे मी आजही छाती फुगवून सांगतो. जिल्हा कोर्टासमोर आलं की बाबा सायकलवरून उतरून चालत जायचे. "तुही सीट इथून आली," म्हणायचे. राखीव जागांचा निकाल फार पूर्वी कोर्टात लागला, एवढं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. काय लागला, ते आमच्यापैकी कुणी विचारलं नाही. सिंगापूरला आल्यावर मी मुलीलाही तेच सांगितलं.

इथल्या तोआ पायोह भागातल्या एका हॉलमध्ये आम्ही काही बौद्ध कुटुंबं महिन्यातून एका रविवारी सकाळी जमतो. मुलं संविधानाची उद्देशिका वाचतात, मग एकजण अर्धा तास बोलतो, मग जेवण. या खेपेला पाळी माझी होती. विषय मीच मागून घेतला: सुरुवातीच्या निकालांतून सरकार, संसद आणि कोर्ट यांच्या हद्दी कशा ठरल्या. बाबा अमरावतीहून व्हिडिओ कॉलवर ऐकणार होते. शेजाऱ्यांनाही बोलावून बसले होते.

आदल्या शुक्रवारी हार्बरफ्रंटला ऑफिस सुटल्यावर एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत बसून मी तो राखीव जागांचा निकाल वाचायला काढला. घरचं स्टेशन सेंगकांग येईपर्यंत तो दोनदा वाचला. प्रजासत्ताक नवं असताना मद्रासकडे कॉलेजच्या जागा जातवार वाटायचा सरकारी हुकूम होता. सुप्रीम कोर्टाने तो रद्दच केला होता! पुढे काही महिन्यांत संसदेने संविधानात दुरुस्ती केली, आणि माझी सीट त्या दुरुस्तीतून आली होती.

"हा निकाल सोडून द्या," घरी सांगितल्यावर बायको म्हणाली. "बाकीचे काय थोडे आहेत? बाबांना या वयात, तेही शेजाऱ्यांपुढे..."

मलाही ते पटलं. मी वही मिटली.

समोर मुलगी गृहपाठ करत होती. मान वर करून इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाली, "पप्पा, दॅट्स चीटिंग लाह. मेन केस तर तीच आहे."

"आजोबांना वाईट वाटेल."

"माझं चुकलं की मला तर तीनदा लिहायला लावता."

मी वही पुन्हा उघडली.

रविवारी मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. कोर्ट म्हणालं, संविधानात लिहिलंय त्यापलीकडे सरकारला जाता येणार नाही. संसद म्हणाली, मग आम्ही लिहिलेलंच बदलतो. शेवटी आमच्या घरातली समजूतही सांगितली, आणि ती चुकीची होती हेही. बोलताना फोनकडे बघायचं टाळलं.

"मंग कोर्टानं आपल्याले नाही म्हटलं होतं?" फोनमधून बाबांचा आवाज आला.

"हो, बाबा."

"अन् तू आता सांगतं?"

"मलाच परवा कळलं."

"इंजिनियर झाला, पण वाचलं नाही पोट्ट्यानं!" तिकडून एक शेजारी ओरडला. इकडे हॉलभर हशा पिकला. बाबा मात्र हसले नाहीत.

"सरकारनं ऐकलं कोर्टाचं?"

"ऐकावंच लागलं."

"झक मारत?"

"झक मारत."

"आमच्या जिनिंगात मालकाले नाही म्हननारं कोनी नव्हतं," बाबा म्हणाले. "सरकारले नाही म्हननारं कोनी पाह्यजेच. मंग ते आपल्या विरुद्ध का जाईना." आणि लगेच, "पन संसदेले सगळंच बदलता येते का? उद्या तुही सीटच काढून टाकली तं?"

मी चकित झालो. पुढे कितीतरी वर्षं देशातले मोठमोठे वकील ज्यावर भांडले, तो प्रश्न गाठी उचलणाऱ्या माणसाने बसल्या जागी काढला होता. मी सांगितलं, "कोर्टाने शेवटी ठरवलं की दुरुस्ती करा, पण संविधानाची मूळ चौकट मोडू नका."

"आता कसं! अन् ही चौकट म्हंजे काय काय?"

हॉलमध्ये पानं वाढली गेली होती. बाबांचे प्रश्न संपेनात, आणि शेजाऱ्यांकडे वळून ते म्हणत होते, "थांबा रे, पोरगा सांगून राह्यला." मी पुलावाचं ताट एका हातात धरून उभ्याउभ्या उत्तरं देत राहिलो.