बाबांची छतावरची फर्स्ट शिफ्ट

मंडळी, आज मी फार खूश आहे!

माझ्या हट्टानं वैशाली नगरच्या आमच्या घरावर सोलर पॅनल बसवले. पण आठवडाभर त्यांच्यापासून मिळणारी वीज घटतच चालली होती. आपला हट्टच चुकला असं वाटून, वीज वाचवायला मी घरभर पंखे बंद करत फिरत होते.

आज सकाळी सहाला छतावर गेले, तर स्टील प्लांटच्या भट्टीवरून रिटायर झालेले बाबा ओल्या फडक्यानं पॅनल पुसत होते. फडकं काळं झालं होतं.

"कावून वं, मशीन पुसल्याबिगर ड्यूटी सुरू होत नाही, हे तुले लहानपणीच शिकवलं होतं ना?"

दुपारी मीटरवरचा आकडा चढला. बाबांनी तो कॅलेंडरवर लिहिला, खाली 'फर्स्ट शिफ्ट' आणि स्वतःची सही.

तुमच्याकडे पॅनल कोण पुसतं?